तुळशीपाशी ठेवलेली बरणी

तीर्थपुरीच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला बायामाणसं घरून पाण्याचा तांब्या आणतात अन् तुळशीपाशी ठेवतात. नामाच्या गजरात राहिलेलं ते पाणी आम्ही तीर्थ म्हणून घेतो. मी टाळकरी, माझाही तांब्या दरसाल तिथंच.

२००६ साली त्या तांब्यांच्या रांगेत एक काचेची बरणी होती. माझी भाची बेबीनंदा जालन्याला पीएच.डी. करीत होती. जस्त अन् कथील यांच्या ऑक्साइडांची एकजीव भुकटी तिनं केली होती, कण डोळ्याला न दिसणारे. ऊन पडलं की जस्ताच्या कणांतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, कथील त्यांना आपल्याकडे ओढून घेतं, अन् त्या ओढाताणीत पाण्यातला रंग तुटतो. त्याच भुकटीची वडी उन्हात धरली की तिच्यातून वीजही सोपी वाहते, हे तिनं मला तारा जोडून दाखवल्तं. कसं गोड सांगायची!

तिच्या मार्गदर्शकांना, मच्छिंद्र सरांना, मात्र वर्तमानपत्रात सप्त्याच्या गर्दीतला फोटो हवा होता. रंगाऱ्याच्या गटारातलं जांभळं पाणी त्यांनीच बरणीत भरून घेतलं, वर तिची भुकटी टाकायला लावली. मांडवात सावली, ऊन फक्त तुळशीपाशी. बरणी तिथं गेली.

बुवांनी काला असा रंगवला की माझे डोळे मिटले ते मिटलेच. उघडले तेव्हा जांभळं पाणी पांढुरकं झाल्तं.

"अगं बया! नामानं पाणी निवळलं!" म्हातारी तुळजाबाई ओंजळ करून पुढं आली. तिच्यामागं बायांची रांग लागली.

सर हसले. फोटोवाल्याला खूण करून त्यांनी पळी उचलली. "घ्या आजी, तीर्थच आहे."

बेबीनंदा धावली. "सर, रंग गेलाय, विष न्हाई गेलं! भुकटीबी आतच हाय."

"फोटो होऊ दे," सर हळूच म्हणाले, पण मी शेजारीच होतो. "एका घोटानं कुणी मरत नाही. प्रबंधावर सही माझीच लागते, विसरू नकोस."

अन् परत कॅमेऱ्याकडं बघून तेच हसू. बरणीच्या काठाला गटाराचा बुळबुळीत फेस तसाच चिकटलेला, अन् ह्या माणसाच्या तोंडी 'तीर्थ' हा शब्द!

पळीतलं पाणी ओंजळीत पडलं. तुळजाबाईनं ओंजळ ओठाला नेली, तसा बेबीनंदानं तिच्या हातावर फटका मारला.

"तीर्थ सांडलं! शिकून माजली पोरगी!" मांडव उठला. म्हातारी रडायलाच लागली.

मी टाळ गळ्यातून काढले. "सर, बरणीत अजून हाय. एक पळी तुम्ही घ्या, मंग गाव घेईल."

सरांनी रुमालानं बोटं पुसली, एकेक करून. "मला... पित्ताचा त्रास आहे हो."

रांग जागच्या जागी थबकली. तुळजाबाईनं ओली ओंजळ नाकाशी नेली अन् तिला उमासा आला. "आरं थू! तुला नको ते मला पाजतुस व्हय, मुडद्या?"

सरांची गाडी फुफाटा उडवीत गेली.

"मामा, सही गेली," बेबीनंदा म्हणाली. मी माझा तांब्या तिच्या हातात दिला. तिनं ते तीर्थ म्हातारीच्या हातांवर ओतलं, चोळून चोळून धुतले.

तरी काला वाटताना तुळजाबाईनं हात पुन्हा हुंगले अन् लाह्या पदरात घेतल्या, हातात न्हाई.