कुशीची नाडी

"झग्याची नाडी पाठीला लावायची नाही, कुशीला लावायची. माणूस आजारी पडला म्हणून काय लाज घरी ठेवून येतो?"

दवाखान्याच्या शिवणखोलीत पाऊल टाकल्या दिवशीच सासूबाईंनी सुनेला हे बजावलं होतं. त्यांना जाऊन आता आठवडा होत आला, तरी तो आवाज तिच्या कानातून हलत नव्हता. समोर नणंद वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर वाचून दाखवत होती.

"सोशीक, शांत, मितभाषी..."

"शांत? आई?" सुनेच्या नवऱ्याला चहाचा ठसका लागला. "ताई, घरमालक खालूनच विचारायचा, 'बाई घरात आहेत का?' आहेत म्हटलं की आल्या पावली परत!"

"अरे, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं."

"मग खरंच लिहा ना, वन्सं," सून हळूच म्हणाली. "त्यांनी सोसलं नाही. त्या भांडल्या."

ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात दोन लेकरं. सासूबाई दवाखान्याच्या शिवणखोलीत लागल्या. रोग्यांचे झगे तेव्हा मागून उघडे असत. त्यांनी एकावर एक पदर येईल असा झगा बेतला आणि नाडी कुशीला घेतली. साहेब म्हणाले, कापड जास्त लागतं. यांनी कॉलर आणि खिसे काढून टाकले. "रोग्याला काय तुमच्या केबिनमध्ये मुलाखतीला यायचंय?" त्यांना दोनदा घरी बसवलं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्या आपल्या मशीनवर हजर. उठवायला कोणी धजलं नाही. मुलं शिकली, संसाराला लागली, सून त्यांच्याच मशीनवर बसली, पण नाडी कुशीलाच राहिली.

मग बाहेरून तयार झगे येऊ लागले. स्वस्त, आखूड, नाड्या पाठीला. शिवणखोलीत उरली ती फक्त डागडुजी.

शेवटच्या दुखण्यात सासूबाईंच्या अंगावर तसलाच झगा आला. न्हाणीघरापर्यंत जाताना त्यांचा एक हात भिंतीवर आणि दुसरा मागे, झग्याची फट आवळून धरलेला. सुनेने घाईने आपली शाल त्यांना गुंडाळली. म्हातारी थांबली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता जाळ.

"माझ्यापुरती शाल आणलीस. बाकीच्यांचं काय?"

"बघते, आई."

"बघते नको. करते म्हण."

"करते."

देवापुढे हात जोडून घेतलेला रोजचा नेम सुनेने कधी मोडला नव्हता. हा शब्दही तिला तसाच वाटला. पण तिने विचारून पाहिल्यावर शिवणखोलीच्या मुकादमाने कालच घरी निरोप धाडला होता: झगे आलेत तसेच सांधायचे, नाड्या हलवल्या तर पुन्हा कामावर येऊ नका.

"शांत नको, तर मग काय लिहू?" नणंदेने विचारलं.

सून उठून आतल्या खोलीत गेली. सासूबाईंच्या पलंगावरची धुतलेली चादर तिने उचलली, क्षणभर गालाला लावली, आणि कात्री घातली. सरळ, रुंद पट्ट्या. झग्याच्या कडेला जोडल्या की पदर पुरा पडणार होता, नाडी कुशीला येणार होती.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "अगं, आईची चादर?"

"दवाखान्याचं कापड वापरलं तर हिशेब मागतील. चादर आपली, दोरा माझा. आता मागू देत."

"मुकादम ऐकायचा नाही. नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

"आणि मग?"

"मग उद्या पुन्हा तिथेच जाऊन बसेन."

तो खाली वाकला, जमिनीवर पडलेली एक पट्टी उचलली, नीट घडी करून तिच्या हातात दिली.

तिने पट्ट्या पिशवीत भरल्या, वर कात्री ठेवली. बाहेरच्या खोलीत नणंदेची लेखणी अजून कागदावर थबकलेली होती.

"निघालीस कुठे वहिनी? आज तर तुझी रजा आहे ना?"

"जाऊन येते," ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली. पायात चपला सरकवल्या, आणि जिना उतरू लागली.