कॅमेऱ्यापुरतं पाणी

एकोणनव्वद सालचा वैशाख. आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगूच्या पलीकडल्या एका गावात विठाबाई रोजच्यासारखी नाल्याच्या कोरड्या पात्रात बसून झिऱ्यातलं पाणी वाटीने घागरीत भरत होती. वाळूत खड्डा खणायचा, पाणी झिरपायची वाट पाहायची आणि गुरांचे पाय पडायच्या आत ते उपसायचं, हे महारवाड्यातल्या बायकांचं उन्हाळ्यातलं रोजचं काम. मारुतीच्या देवळापुढे सरकारी पैशातून बांधलेली मोठी विहीर होती. तिला वैशाखातही पाणी असे. पण त्या विहिरीच्या काठाला महारवाड्यातल्या माणसाचा पाय कधी लागला नव्हता.

तिचा नवरा फकिरा लगबगीने तिथे आला.

"विठे, चाल. सरपंचानं बलावलं तुले."

"मले? काऊन?"

"हैदराबादेहून टीव्हीवाले येऊन राह्यले म्हणे."

सरपंच चंपतराव ओसरीवर बसले होते. ही दोघं खाली अंगणात उभी राहिली.

"हे पाह्य विठे," चंपतराव म्हणाले, "गावाचा एकच पाणवठा, असा त्यायचा कार्यक्रम हाय. तू मोठ्या इहिरीवर यायचं, घागर भरायची. इचारलं तं सांगायचं, आमी पैलेपासून इथंच भरतो."

"अन् मंग, पाटील?"

"मंग काय? टीव्हीत गाव चांगलं दिसलं तं नळयोजना मंजूर होते. तुमच्या वाड्यातबी नळ येईन."

विठाबाईच्या डोळ्यांपुढे तिची कौसी आली. पोर पाच वर्षांची, पण झिऱ्याच्या पाण्याने पोट सतत बिघडलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. दारात नळ आला तर! ती हो म्हणाली.

टीव्हीची जीप दुपारी आली. कार्यक्रम करणारे सुधाकरराव हैदराबादच्या काचीगुड्यात वाढलेले मराठी गृहस्थ. तिथल्या दूरदर्शन केंद्राचे सगळे कार्यक्रम तेलुगूत. सरहद्दीवरच्या गावांसाठी निदान अर्धा तास मराठीत द्या, म्हणून त्यांनी साहेबांच्या नाकी नऊ आणले होते, तेव्हा कुठे ही परवानगी मिळाली होती. कार्यक्रम चांगलाच व्हायला हवा, या ओढीने ते आले होते.

सरपंचांच्या बायकोने, सोजरबाईने, विठाबाईला आपलं एक जुनं पण धड लुगडं दिलं होतं. ते नेसून ती विहिरीच्या काठावर चढली, तशा आधीच उभ्या असलेल्या बाया घागरी उचलून चार हात मागे सरल्या. सुधाकररावांनी ते पाहिलं. मग ते कॅमेरावाल्याला हळूच म्हणाले, "नुसते हात घ्या. हात आणि घागर."

विठाबाईने दोर ओढला. वर आलेलं पाणी इतकं नितळ होतं, की ती बघतच राहिली.

"बाई, तुम्ही इथं किती वर्षांपासून पाणी भरता?"

"पैलेपासून," ती म्हणाली. "आमी पैलेपासून इथंच भरतो."

"छान बोललात, बाई."

जीप गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी विठाबाई आपलं ठिगळाचं लुगडं नेसून, डोक्यावर घागर घेऊन सरळ विहिरीकडे निघाली. कालच्या प्रकारानंतर आज कोण अडवणार, असं तिला वाटलं होतं.

"कुठं चालली वं?" सोजरबाईने हटकलं.

"पाण्याले, बाई. काल तं भरलं."

"कालचं टीव्हीचं होतं. आज कायचं?"

तरी विठाबाईने पाऊल पुढे टाकलं. चंपतरावांच्या भावाने काठीच्या एका फटक्यात घागर फोडली. मागून धावत येऊन मध्ये पडलेल्या फकिराला चौघांनी देवळापुढेच बडवलं. संध्याकाळी विहिरीच्या काठावर गोमूत्र शिंपडण्यात आलं.

त्याच पंधरवड्यात महारवाड्यात गॅस्ट्रो शिरला. कौसीला पहाटेपासून उलट्या आणि जुलाब सुरू झाले. फकिराने बैलगाडी जुंपली आणि आदिलाबादचा रस्ता धरला. वाटेत पोरीच्या घशाला कोरड पडली. "माय, पाणी," ती म्हणत होती. गाडीत लोटा होता आणि लोट्यात झिऱ्याचंच पाणी होतं. द्यावं की देऊ नये, हे विठाबाईला कळेना. तिने पदर ओला करून पोरीच्या ओठांना लावला. दवाखान्याचं फाटक दिसायच्या आधीच कौसीने मान टाकली.

कार्यक्रम लागला तेव्हा कौसीचा दहावा होऊन गेला होता. पंचायतीच्या ओट्यावर टीव्ही ठेवला होता. टीव्हीतून पहिल्यांदाच आपली बोली ऐकू आली, म्हणून गाव हरखून गेलं. महारवाड्यातली माणसं नेहमीसारखी खाली रस्त्यावर उभी होती. त्यांच्यात विठाबाईही होती. पडद्यावर तिचे हात दिसले, भरलेली घागर दिसली, तिचाच आवाज आला: पैलेपासून इथंच भरतो. ओट्यावरून टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर ती फकिराला म्हणाली, "म्या आपल्या तोंडानं खोटं बोलली. त्यानं गाव चांगलं झालं, अन् माही पोर गेली."

कार्यक्रम सगळ्यांना आवडला. गावोगावहून पत्रं आली, म्हणून केंद्राने त्याच गावात प्रेक्षकांचा मेळावा घ्यायचं ठरवलं. सुधाकरराव कॅमेरा घेऊन पुन्हा आले. चंपतरावांनी हार घातला. सुधाकररावांनी विठाबाईला बोलवायला सांगितलं, तेव्हा सरपंच स्वतः तिला आणायला गेले.

"तसंच सांगजो," ते वाटेत म्हणाले. "न्हाई तं वाड्याले एका दिवसाचं काम भेटणार न्हाई."

या खेपेला तिने सोजरबाईचं लुगडं घेतलं नाही.

"बाई, कार्यक्रमानंतर गावात काय बदललं?" सुधाकररावांनी विचारलं.

विठाबाईने मान वर केली. "साहेब, म्या सांगितलं ते खोटं होतं. त्या इहिरीचं पाणी म्या एकच डाव काढलं, तुमच्या कॅमेऱ्यासाठी. दुसऱ्या दिवशी गेली तं घागर फोडली, मालकाले मारलं. माही कौसी झिऱ्याचं पाणी पिऊन मेली."

"बंद करा ते!" चंपतराव ओरडले आणि कॅमेऱ्यावर धावून आले.

सुधाकरराव मध्ये उभे राहिले. "चालू ठेवा," ते कॅमेरावाल्याला म्हणाले.

"साहेब," विठाबाई म्हणाली, "बाया मांगं सरल्या, ते तुमाले दिसलं न्हाई का?"

"दिसलं होतं, बाई," सुधाकरराव म्हणाले.

ते चित्रण कधीच दाखवलं गेलं नाही. गावात तेढ वाढेल, असं वरून सांगण्यात आलं. ते दाखवावं म्हणून सुधाकररावांनी चारदा अर्ज केले, मग रजा टाकली. आदिलाबादला येऊन, पाणी अडवल्याच्या विठाबाईच्या तक्रारीसाठी ते फकिराबरोबर पोलिसांपुढे उभे राहिले आणि साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव दिलं. केंद्राने त्यांची बदली केली. इकडे वाड्याची मजुरी बंद झाली. त्या पावसाळ्यात महारवाड्यातल्या कुणाला कापसाच्या निंदणाला कोणी बोलावलं नाही. फकिरा आदिलाबादच्या जिनिंगमध्ये हमाली करू लागला. वाड्यातली काही माणसं विठाबाईला बोल लावत. ती ऐकून घेई, पण तक्रार मागे घ्यायला तयार झाली नाही.

पुढल्या उन्हाळ्यात पोलिसांच्या पहाऱ्यात विहीर सगळ्यांना खुली झाली. पहिली घागर विठाबाईने काढली. ती वाड्यात आणली आणि दारोदार जाऊन लेकरांच्या भांड्यांत ओतली. स्वतः मात्र त्या दिवशी त्यातला थेंबही तिने तोंडात घेतला नाही.

महिन्याभरात चंपतरावांच्या वरच्या आळीने वर्गणी काढून आपल्यापुरती बोअर मारून घेतली. मोठ्या विहिरीवर आता फक्त वाड्यातल्या बायका दिसतात. कायद्याने विहीर उघडून दिली. त्या बोअरवर आपणही पाणी भरणार की विठाबाईच्या शेजारी येऊन उभे राहणार, हे मात्र पोलिसांना ठरवता येत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.