मंगूच्या थर्मासचं राहिलेलं भाषांतर

मी एक थर्मास बोलतोय. वेम्बलीतल्या एका घराच्या दाराशी, निळ्या बॅगेवर उभा आहे. वरच्या मजल्यावर दुसऱ्या बॅगेची चेन लागत नाहीये, टॅक्सी यायला अवकाश आहे, आणि माझ्या पोटात आज पाण्याचा थेंब नाही. विमानतळावर भरलेला थर्मास चालत नाही म्हणे. रिकामा असलो की मला बोलल्यावाचून राहवत नाही, तेव्हा ऐकून घ्या.

मी जन्माने चिनी. एका कारखान्यात माझ्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतली आणि मला कामाला लावलं. काम एकच, आतलं गरम बाहेर जाऊ द्यायचं नाही. तिथून मी एका छोट्या गावातल्या दुकानात गेलो आणि एका आजींनी मला उचललं, ठोकून पाहिलं, झाकण उघडून नाक खुपसलं आणि घरी नेलं. त्यांची नात लंडनला निघाली होती. नातीचं नाव मंगयाओ. आजींना तिथल्या थंडीची काळजी नव्हती, तिथले लोक गार पाणी पितात असं त्यांनी ऐकलं होतं, त्याची होती.

आता तुम्ही म्हणाल, चिनी थर्मास आणि मराठी कसा बोलतो? तर दोन वर्षं मी सुप्रभाकाकूंच्या ओट्यावर राहिलोय. काकू सकाळी उठल्यापासून बोलतात. समोर कोणी नसलं तर कुकरशी बोलतात. एवढ्यावर मिक्सरलाही मराठी आली असेल. इंग्रजी म्हणाल तर ती मला येते, पण घरची माणसं मंगयाओशी बोलतात आणि माझ्या पोटावर चिकटली तेवढीच.

पोटावर चिकटली म्हणजे काय, ते सांगतो. मंगयाओ इथे आली ती भाषांतर आणि दुभाष्याचं काम शिकायला. तिच्याकडे इंग्रजी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक होतं, एपासून झेडपर्यंत. त्यातला एक शब्द रोज ती पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची आणि माझ्या पोटावर डकवायची. दिवसभर घोट घोट पाणी प्यायचं आणि प्रत्येक घोटाला तो शब्द पुटपुटायचा. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत माणसं आमच्याकडे चोरून बघायची. ही मुलगी बाटलीशी बोलते असं त्यांना वाटत असणार.

पण परीक्षा आली, अभ्यास तुंबला की ती पुन्हा पहिल्या पानावरून सुरुवात करायची. त्यामुळे तिचं इंग्रजी एमपर्यंत एकदम पक्कं आणि पुढे धुकं. जे शब्द इथला गोरा माणूस जन्मात वापरणार नाही ते तिला झोपेत विचारा. आणि ओट्यावर काकूंनी झारा दाखवून विचारलं, "अगं, झाऱ्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात गं?" तर ती गप्प. गंमत म्हणजे काकूही गप्प. चाळीस वर्षं या देशात काढली, झाऱ्याचं इंग्रजी त्यांना कधी लागलंच नव्हतं.

काकूंच्या घरी आम्ही आलो कसे, तर त्यांची मुलगी मालविका हिच्यामुळे. ती इथेच जन्मली, लग्न होऊन मेडनहेडला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. तिच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीने मंगयाओ आली. पहिल्या दिवशी काकूंनी तिचं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मंगू." झालं. मग त्यांनी माझं झाकण उघडलं. आत काय आहे हे इथल्या प्रत्येकाने आम्हाला विचारलंय. नुसतं गरम पाणी आहे म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू आम्ही आजारी आहोत. काकू मात्र म्हणाल्या, "शहाणी आहे हो पोर." त्या क्षणी मी त्यांचा झालो.

मंगू फार कमी बोलायची. मालविका रविवारी आली की वैतागायची. "मम, तुझा लॉजर टॉक करतच नाही. सो मेनी वर्ड्स येते तिला, पण तोंड उघडतच नाही!" मालविकाची मराठी अशी आहे. काकू तिला सुधारायच्या भानगडीत पडत नाहीत आता.

पुढे व्हायचं तेच झालं. दुभाष्याच्या परीक्षेत मंगू नापास झाली.

त्या परीक्षेत एका बाजूला इंग्रजी बोलणारा डॉक्टर बसतो, दुसऱ्या बाजूला चिनी बोलणारा पेशंट, आणि मध्ये आपण. नियम असा, की पेशंट "माझं पोट दुखतं" म्हणाला की दुभाषीनेही "माझं पोट दुखतं" असंच म्हणायचं. 'ती म्हणते की तिचं पोट दुखतं' असं नाही. आणि दुभाषीला स्वतःला काही सांगायचं असेल तर तिथे 'मी' म्हणायचं नाही, 'दुभाषीला असं विचारायचंय' म्हणायचं. सगळं उलटं. मंगूच्या तोंडून काही केल्या 'मी' निघेना. शब्द सगळे बरोबर, पण दर वाक्याला 'ती म्हणते, ती म्हणते.' शेवटी कोण काय म्हणतंय हे परीक्षकांना कळेना, आणि तिलाही. ऑगस्टअखेर एकच संधी होती. तीही गेली तर पदवी नाही.

त्यानंतर काही आठवडे माझे फार वाईट गेले. नवी चिठ्ठी नाही. पाणी भरलं जाई आणि तसंच राही. माझ्या आत कुबट वास यायला लागला. ती पलंगावर पडून भिंतीकडे बघायची आणि घरून फोन आला की उठून केस विंचरायची, हसरा चेहरा करायची आणि सांगायची, मजेत आहे, अभ्यास छान चाललाय. तिच्या घरची रीतच ती. दूरच्या माणसाला फक्त चांगलं सांगायचं. तिकडूनही तसंच यायचं, सगळे मजेत आहेत. दोन्हीकडचं ऐकणारा मी एकटा. मला तर खरं काही कळेनासं झालं होतं.

वास काकूंच्या नाकाला लागला. त्यांनी मला उचलून सोडा घालून खसाखसा घासलं आणि मंगूला खाली बोलावून कांदेपोह्यांची ताटली पुढे ठेवली. मग आपल्या यजमानांना, शशीकाकांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही आयुष्यभर डॉक्टरकी केलीत ना? मग बसा इकडे आणि डॉक्टर व्हा. हिची प्रॅक्टिस घेऊया."

शशीकाका निवृत्त होईपर्यंत इथल्या हॉस्पिटलात होते. आपल्याला परत डॉक्टर व्हायला मिळतंय म्हटल्यावर ते शर्ट बदलून आले. म्हणाले, "पहिला लेसन. इंग्लिश माणूस 'अ बिट सोअर' म्हणाला की त्याला भयंकर दुखतंय असं समजायचं." मंगूने ते लिहून घेतलं.

पण चिनी पेशंट आणायचा कुठून? काकूंनीच डोकं चालवलं. "हिच्या आजीला लाव की फोन. तिला तरी काय काम आहे संध्याकाळचं?"

असा दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर दवाखाना सुरू झाला. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. फोन माझ्या पाठीला टेकवून उभा करायचे, म्हणजे दवाखान्याचा खांब मीच. आजींना पेशंट होण्यात विलक्षण रस. पहिल्या रविवारी त्यांना शेजारच्यांचा हंस चावला. दुसऱ्या रविवारी त्या झाडावरून पडल्या.

"ती म्हणते, तिला हंस चावला," मंगू म्हणाली.

"कोण ती?" काका म्हणाले. "मला समोर पेशंट दिसतेय. ती कुठाय?"

"पण काका, मला हंस चावलेला नाही. मी तसं म्हटलं तर खोटं होईल."

"अगं, आजीला तरी कुठे हंस चावलाय? बोल तू बिनधास्त!" काकू मध्येच म्हणाल्या. या दवाखान्यात त्या खरं म्हणजे नर्स होत्या, पण हंसाच्या मालकाशी भांडण झालं का, हे त्यांना आधी हवं होतं. मंगूने तेही विचारलं. आजींनी मालकाला दिलेल्या शिव्या मात्र तिने भाषांतरित केल्या नाहीत. मला कळल्या. चांगल्या होत्या.

परीक्षा आठवड्यावर आली आणि गाडी अजून 'ती म्हणते'वरच अडली होती. त्या रविवारी आजी स्क्रीनवर आल्या त्या नेहमीसारख्या हसत नव्हत्या. काकांनी डॉक्टरी आवाजात विचारलं, आज काय त्रास?

आजी म्हणाल्या, "जिना चढले की छातीवर पोतं ठेवल्यासारखं होतं. थांबले की जातं. हल्ली डाव्या हातातही येतं. विशेष काही नाही."

"ती म्हणते..." मंगूने सगळं सांगितलं. काकांनी या वेळी तिला टोकलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, कधीपासून?

"नववर्षाच्या सणापासून."

"घरात कोणाला माहीत आहे?"

 आजी डॉक्टरकडे, म्हणजे काकांकडेच बघत म्हणाल्या, "मुलाला माहीत आहे. पण माझी एक नात लंडनला असते. तिची परीक्षा आहे. तिला सांगायचं नाही असं ठरलंय."

 काका-काकूंना चिनी येत नाही, ते मंगूच्या तोंडाकडे बघत होते. मंगू म्हणाली, "ती..." आणि थांबली. मग तिने पाठ ताठ केली, आणि अगदी हळू, एकेक शब्द म्हणाली, "माझ्या मुलाला माहीत आहे. पण माझी एक नात लंडनला असते. तिची परीक्षा आहे. मी तिला सांगितलेलं नाही."

काकूंनी तोंडावर पदर धरला.

"दुभाषीला," मंगू पुढे म्हणाली, "दुभाषीला एक मिनिट हवंय."

तिने मला ओढून घेतलं. फोन आडवा पडला, काकूंनी तो हातात धरला. मंगूला झाकण नीट उघडेना. तिने घोट घेतला, जीभ भाजली, तरी दुसरा घेतला. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं ऊब धरून ठेवली आणि ऐन वेळी चटकाच दिला. मग तिने मला जागेवर ठेवलं, फोन टेकवला आणि म्हणाली, "दुभाषी तयार आहे."

"आजी, उद्या सकाळी हॉस्पिटलमध्ये जायचं," काका म्हणाले.

"परीक्षा झाल्यावर जाईन."

"उद्या."

हे सगळं मंगू इकडून तिकडे नेत होती. 'मी जाईन', 'मी घाबरते', 'मला त्रास द्यायचा नाही.' एकदाही अडखळली नाही. शेवटी आजींनी विचारलं, "डॉक्टर, माझ्या नातीला सांगणार नाही ना?" तेही तिने सांगितलं.

काका म्हणाले, "पेशंटची गोष्ट मी बाहेर बोलत नाही. आमची दुभाषीही बोलणार नाही, तिला तसा नियमच आहे. पण उद्या सकाळी गेलं पाहिजे."

आजी कबूल झाल्या. फोन बंद झाला आणि मग मंगू जी रडली, तशी ती नापास झाली तेव्हाही रडली नव्हती. काकूंनी तिला मऊ भात, तूप, मेतकूट कालवून दिलं. म्हणाल्या, "बेरकी आहे हो म्हातारी. नातीला सांगायला जीभ रेटेना, म्हणून पेशंट झाली."

आजींची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. नळी बसवली, चारच दिवसांत घरी आल्या. मंगूच्या परीक्षेतल्या पेशंटचा गुडघा दुखत होता. तिने 'माझा गुडघा' असं काही म्हटलं, की परीक्षकांनी म्हणे टेबलाखाली वाकून पाहिलं. पास झाली. आज ती घरी निघालीय.

आता खरं काम. आज सकाळी आजींचा फोन आला. मंगू आणि काका वर बॅगेवर बसून चेन लावत होते. काकूंनी फोन माझ्या पाठीला टेकवला आणि दुभाषी नसताना दोघी बोलायला लागल्या. काकू मोठ्याने मराठीत, आजी त्याहून मोठ्याने चिनीत. काकूंनी तळहात दाखवून विचारलं, गोळी घेतली? आजींनी पाकीट हलवून दाखवलं. मग आजी बराच वेळ काही बोलल्या. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. काकू मान हलवत म्हणाल्या, "हो हो, पोचली की लगेच फोन करायला सांगते." आणि फोन ठेवला. दोन्ही भाषा येणारा तिथे मी एकटाच, पण माझ्या तोंडाला झाकण.

मंगूला हे माहीत नाही, आणि काकूंना मी दिसेन तो आता शेवटचा. टॅक्सी आली बहुतेक. तेव्हा तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी घ्यायला गेलात, आणि मेथीची जुडी हातात घेऊन स्वतःशीच बोलणारी एखादी बाई दिसली, तर त्या सुप्रभाकाकू. त्यांना सांगा, आजी असं म्हणाल्या होत्या:

"ताई, घरचे मला दोन वर्षं सांगत होते, तिकडे मुलगी मजेत आहे. मी विश्वास ठेवला नाही. आम्ही सगळे एकमेकांना तसंच सांगतो. पण दर रविवारी फोनमध्ये तुमच्या मागे तुम्हा दोघांच्या धुतलेल्या वाट्या पालथ्या घातलेल्या दिसायच्या, आणि त्यांच्या शेजारी अगदी तशीच तिसरी, माझ्या नातीची. तेव्हापासून मला झोप लागते."