शिवीचं बटण

माझा स्वभाव आबांवर गेलाय, असं आई म्हणायची. फरक इतकाच, की आबा माणसांवर ओरडायचे आणि मी कॉम्प्युटरवर. देहूरोडच्या डेपोत त्यांनी हाक मारली की अख्खी शेड वळून बघायची. गेल्या वर्षी गळ्याच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढलं आणि तो आवाज गेला.

तेव्हापासून आमच्या घोरावाडीच्या घरात त्यांना वगळून बोलणं सुरू झालं. सगळ्यात पुढे माझा भाऊ आकाश. आबांना भूक आहे की नाही हेही तोच सांगणार. हल्ली त्याने नवीनच काढलं होतं: हे घर भाड्याने द्यायचं आणि आबांना त्याच्या तळेगावच्या फ्लॅटवर न्यायचं. हे सगळं आबांसमोर चालायचं, आणि आबांना कुणी विचारायचं नाही.

म्हणून मी त्यांच्यासाठी बोलणारी पेटी करायला घेतली. बटण दाबलं की आत भरलेला शब्द वाजतो. घरच्या घरी सर्किट बोर्ड बनवणं हा माझा जुना नाद. डिझाइन मी इंटरनेटवरच्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये करायचे. त्याचं कौतुक करायलाच हवं. नवख्या माणसाचाही बोर्ड एका संध्याकाळी तयार होतो, सगळे सुटे भाग त्यात आयते काढून ठेवलेले असतात. पाणी, दुखतंय, संडास, चहा, असे शब्द माझ्या आवाजात भरून मी आबांना नमुना दाखवला. त्यांनी सगळी बटणं दाबून बघितली आणि पाटीवर लिहिलं, "शिवी कुटं हाय?"

मी हसले, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली. मी त्यांना फक्त मागायचे शब्द दिले होते.

एक बटण वाढवायचं म्हणजे बोर्ड लांबवायला हवा, कारण सुजलेल्या बोटांना बटणं ऐसपैस लागतात. फाइल उघडली, तर कंपनीने मधल्यामध्ये नियम बदललेले. एवढा मोठा बोर्ड आता फुकटात नाही. फाइल बघायची, हात लावायचा नाही. मी काढलेलं डिझाइन, माझ्या बापाची पेटी, आणि परवानगी यांची! मी त्यावर जे काही बोलले, ते ऐकून शेजारच्या अंबूबाईंनी खिडकी लावून घेतली.

मग दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, लोकांनीच मिळून बनवलेलं. ते कायमचं फुकट, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर, तिला कुणाचा बाप कुलूप लावू शकत नाही. पण वापरणाऱ्याचे हाल कुत्रं खात नाही. बटणाचं चिन्ह एकीकडे, त्याच्या पायांच्या भोकांचा नकाशा दुसरीकडे, आणि दोघांचं लग्न आपण लावायचं. जुनी फाइल त्यात आणली तर निम्म्या जोडण्या गळाल्या. मदत मागितली तेव्हा एका शहाण्याने आधी माहितीपुस्तिका वाचा म्हणून सुनावलं. पहिल्या सॉफ्टवेअरने घरात घेऊन कोंडलं, दुसऱ्याने दार उघडं ठेवलं पण पायरीच बांधली नाही. शेवटी दात-ओठ खात मी सगळं पहिल्यापासून काढलं.

कागदावर छापून, इस्त्री फिरवून ते बोर्डाच्या तांब्याच्या थरावर उठवलं आणि तिथे घाण केली. छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं की नाही, हे जुनं सॉफ्टवेअर स्वतःच बघायचं. इथे ते मला ठरवायचं होतं, आणि रागाच्या भरात मी नको असताना उलटं केलं. आवाजाची चिप बोर्डाच्या पोटाखालून लावली तशी ती चालली, पण बटणांचा क्रम फिरला. टोकाला ठेवलेलं शिवीचं बटण पहिलं आलं, अगदी आबांच्या हाताशी. ते तसंच राहू दिलं.

त्या बटणात मला आबांचाच आवाज हवा होता. तो आकाशच्या लग्नाच्या व्हिडिओत सापडला. तिकोणा पेठेत मांडववाल्याने आबांना डावलून दुसऱ्याच कुणाला काहीतरी विचारलं होतं आणि आबा कडाडले होते. शिवी अशी त्यात नव्हतीच, पण मी तेवढा तुकडा कापून भरला.

रविवारी पेटी आबांच्या मांडीवर ठेवतेय तोवर आकाश एका भाडेकरूला घर दाखवायला घेऊन आला. न्हाणीघर दाखवलं, गच्ची दाखवली. मग आबांच्या पलंगाकडे बोट करून म्हणाला, ही खोली पुढच्या महिन्यात मोकळी होईल.

आबांनी हाताजवळचं बटण दाबलं.

"मला इचार की रं. मी अजून हितंच हाय. मेलो न्हाई."

वर्षभर त्या घरात तो आवाज नव्हता. आकाशचं बोट हवेतच राहिलं. भाडेकरू चपला शोधायला लागला. आकाशने माझ्याकडे बघितलं आणि चिडून विचारलं, हा काय प्रकार आहे.

"आबांना विचार," मी म्हटलं.

तो आबांकडे वळला. आबांनी त्याच्याकडे नजर रोखून धरली आणि शेजारचं बटण दाबलं. पेटी माझ्या आवाजात म्हणाली, "चहा."

आकाश मुकाट्याने स्वयंपाकघरात गेला.