हिरामणकाकांची दाढ

एमडीएसच्या प्रबंधासाठी मला एक दाढ हवी होती, ती पेणला रामवाडीत घरातच सापडली. माझे चुलते हिरामणकाका यांची खालची दाढ किडून अर्धी झाली होती. वडील म्हणाले, उपटून टाक, कटकट नको. पण मी शहाणी! मी रूट कॅनल केलं, मोठं फिलिंग भरलं, स्कॅन काढला आणि दाढ कॉम्प्युटरवर उभी केली. तिचे लाखभर बारीक तुकडे पाडायचे, वरून चावण्याचा जोर द्यायचा आणि ताण कुठे येतो ते रंगात बघायचं. लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे निर्धास्त.

काकांची दाढ निळीशार निघाली. मी त्यांना स्क्रीनवर दाखवली.

"म्हंजी आता ही तुटायची नाय?"

"काका, तुम्ही म्हातारे व्हाल, ही नाही होणार," मी ऐटीत म्हणाले. मग काय, पुतणी आपल्या दाढेवर मोठी डॉक्टर होणार, असं ते गावभर सांगत सुटले.

काका वायरमन. रोह्याजवळ वरसे गावात नव्या इमारतींची फिटिंग करायचे. भाकरी, सुके बोंबील, सुपारी, ते काय काय खातात ते सगळं मी फॉर्मवर लिहून घेतलं होतं. वायरचं प्लास्टिक ते दाढेत धरून हिसक्यानं सोलायचे, हे मात्र लिहिलं नाही. खिशात पक्कड असायची, तरी दातच. लहानपणापासून इतकं पाहिलेलं, की डोक्यातच आलं नाही. याबद्दल मला आजही माझीच चीड येते.

तोंडी परीक्षेआधी मी हॉस्टेलवरून फोन केला, तेव्हा काकांचा आवाज जड लागला. "सर्दी हाय गो," म्हणाले. परीक्षा झाली, पास झाले आणि आनंदानं घरी फोन लावला. वडील रडत होते. काकांचा गळा सुजून श्वास कोंडला होता, अलिबागला नेताना वाटेतच गेले. दाढ मुळापर्यंत चिरली होती, पू मानेत उतरला होता.

कार्य उरकल्यावर मी कॉम्प्युटरवरचं मॉडेल उघडून वायर सोलताना बसतो तसा जोर आडवा दिला. फिलिंगच्या कडेनं खालपर्यंत लाल. दहा मिनिटांचं काम होतं.

काकांची बायको, धोंडुकाकी, शेजारीच बसली होती. "आठ दिवस गाल सुजलेला," ती म्हणाली.

मी तिच्यावरच भडकले. "मग मला फोन का नाही केलास गो?"

"करत व्हते. त्यांनी हात धरला. म्हनाले, नमूची परीक्षा होऊंदे. दाढ तुटली कललं तर मास्तर पोरीला नापास करतील."

त्या दिवशी परीक्षकांनी शेवटी विचारलं होतं, पेशंट आता कसा आहे? मी हसून म्हणाले होते, ठणठणीत.