चित्रातला घोडा

तपकिरी ठिपका, अंगठ्याच्या नखाएवढा. चित्र काचेतून बाहेर काढल्यावर तो घोडा जास्तच घोडा दिसत होता... झुकलेली मान, आणि मानेपासून नावेपर्यंत ताणलेला, केसाएवढा दोर. खाली नदी, नदीवर दगडी कमानींचा पूल, आणि पुलावरून रस्ता नव्हे, कालवा – पाण्याच्या डोक्यावरून पाणी. सुकाणूवर तिचा नवरा. हुबेहूब. डावा खांदा पाडून बसायची खोडसुद्धा.

घोडा मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हता. दोर ओढायची ती.

त्या सकाळी चित्रकार काठावर बसून म्हणत राहिला, बाई, पुन्हा एकदा पलीकडून या... पुन्हा... आणि ती पोटुशी, दोर खांद्यात रुतलेला, तरी चालत राहिली – आपण कागदावर उतरतोय म्हणून. रंग वाळले तेव्हा पाहिलं, तर तिच्या जागी हा. घोडंच शोभून दिसतं, म्हणत नवरा पोट धरून हसला. तीही हसली. मग चाळीस वर्षं काच पुसली, जणू तिला घरात आणलं होतं ते याचा खरारा करायलाच.

नवरा गेला. आता मुलगा चित्र कालव्याच्या कचेरीला देणार होता. भिंतीवर लागेल, खाली पाटी – नावाडी आणि त्याचा घोडा. आज संध्याकाळी न्यायला येणार होता. परवा तिने विचारलं होतं, "आपल्याकडे घोडा कधी होता रे?"

"चित्रात आहे ना, आई? मग होता."

"तू तेव्हा पोटात होतास. घोड्याच्या?"

"तू पण ना," म्हणून तो बापासारखाच हसला होता.

म्हणून तिने चौकटीचे खिळे सुरीने उचकटले होते. हा रंग पाण्याने सुटतो, हे तिला ठाऊक होतं. एकदा काच तडकली तेव्हा एका थेंबाने आभाळाचा कोपरा धुऊन नेला होता. तिने ओल्या फडक्याचं टोक घोड्यावर धरलं. हा गेला तरी आपण काही तिथे येणार नाही... नुसती पांढरी जागा राहील, आणि हवेतून निघालेला दोर. राहू दे. कुणीतरी विचारेल तरी – नाव ओढतंय कोण?

जिन्यात मुलाची पावलं वाजली. फडकं पाठीमागे लपवायला हात हलेल म्हणून ती वाट बघत राहिली – एवढ्या वर्षांची सवय. हात घोड्यावरून हलला नाही. खांद्यावरची जुनी खाच मात्र ठणकू लागली, आणि त्या ठणक्याने तिला, पहिल्यांदाच, बरं वाटलं.