दोघेही माफ करायला आले

समेट समितीने आपली निवड केल्याचं कळलं तेव्हा बेकरीवाल्याला वाटलं, कार्यक्रमासाठी पाव हवे असतील.

"पाव तर हवेतच," पाळकसाहेब म्हणाले, "पण या वेळी तुम्हीही हवे आहात."

गावात दोन वस्त्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हीकडे प्रभू एकच, बायबल एकच, चर्चं मात्र दोन. काही वर्षांपूर्वी वस्त्यांत दंगल झाली, त्याआधी एका चर्चमध्ये भागत होतं; दंगलीनंतर प्रत्येकाला देव आपल्याच बाजूला हवा झाला, म्हणून दुसरं बांधावं लागलं. तेव्हापासून शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा उपदेश दर रविवारी दोन्हीकडे व्हायचा, फक्त शेजारी कोण ते मोघम ठेवलं जायचं. आता बाहेरून बिशपसाहेब भेटीला येणार होते आणि त्यांना एकी बघायची होती. म्हणून समिती.

समितीने आधी खुर्च्यांवरून वाद घातला, मग फलकाच्या रंगावरून. कोणाचा गायकवृंद आधी गाणार यावर एकमत होईना, तेव्हा दोघांनी एकदम गावं असं ठरलं. दोघांची चाल वेगळी आहे ही बाब बाजूला ठेवली गेली. शेवटी ठरलं, की दोन्हीकडून एकेक पोळलेला माणूस यावा, त्याने मंचावर क्षमा करावी आणि समोरच्याचे पाय धुवावेत.

वरच्या वस्तीत बेकरीवाल्याइतकं पोळलेलं कोणी नव्हतं. दंगलीत त्याची बेकरी जळून खाक झाली होती. कोणी पेटवली हे सगळ्यांना ठाऊक होतं: घरांना रंग देणारा रंगारी, एकेकाळचा समोरच्या घरातला शेजारी.

"तुम्ही त्याला माफ करणार?" बायको म्हणाली. "परवा त्याची स्कूटर दिसली तर रस्ता बदललात."

"ते रस्त्यातलं झालं. हे मंचावर आहे."

कणीक फुगेपर्यंत तो भट्टीसमोर उभा राहून भाषण म्हणून बघायचा. भाषण कणकेपेक्षा जोरात फुगत गेलं. बायकोने एकदा पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "एवढी माफी त्या बिचाऱ्याला पेलेल का?"

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होता, कारण शाळा दोन्हीकडच्यांना सारखीच नावडती होती. मंचावर दोन खुर्च्या, तांब्या, घमेलं, टॉवेल. रंगारी सूट घालून आला होता. नखांतला रंग काही निघाला नव्हता. समितीच्या सचिवबाईंनी जाहीर केलं, "आता क्षमा." दोघेही उठले.

"मी तुम्हाला माफ केलं आहे," बेकरीवाला म्हणाला.

"मी तुम्हाला माफ केलं आहे," रंगारी म्हणाला.

वरच्या वस्तीने आपल्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या, खालच्या वस्तीने आपल्या. मग टाळ्या थांबल्या.

"मला?" बेकरीवाल्याने विचारलं. "कशाबद्दल?"

दोघांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं. माफ करायला दोन्ही वस्त्यांतून माणसं हवी तेवढी मिळत होती. माफी घ्यायला कोणी तयार होईना. म्हणून समितीने दोघांनाही तेच काम दिलं होतं आणि पुढचं देवावर सोडलं होतं.

"माझी बेकरी तुम्ही पेटवलीत," बेकरीवाला म्हणाला.

"पेटवली. पण त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या वस्तीतले लोक माझ्या वडिलांना मारत होते, आणि वडील तुमच्या शटरवर थापा देत होते. तेव्हा तुम्ही आत होता की नव्हता?"

सचिवबाईंनी खूण केली. गायकवृंद सुरू झाले, दोन चालींत.

"बंद करा ते," दोघे एकदमच म्हणाले. गाणं थांबलं.

बिशपसाहेबांना भाषा येत नव्हती. त्यांनी काय चाललंय विचारलं. "बंधुप्रेमाचा संवाद," पाळकसाहेब म्हणाले.

"होतो," बेकरीवाला म्हणाला. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. "शटरची कडी हातात होती माझ्या. काकांचा आवाज ओळखला मी. वाटलं, उघडलं तर मलाही ओढतील."

"ओढलं असतं," रंगारी म्हणाला. "पण एवढी दारं सोडून ते तुझ्याच दाराशी आले होते, दादा."

पाठ केलेलं भाषण बेकरीवाल्याच्या डोक्यातून गेलं. ते कुणा दुसऱ्याच, बऱ्या माणसाचं होतं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट तो लहानपणापासून ऐकत आला होता, आणि तिच्यात नेहमी स्वतःला प्रभूच्या जागी धरत आला होता. आज पहिल्यांदा त्याला आपली जागा शिष्यांत दिसली, तीही प्रभूला दगा देणाऱ्या यहूदाच्या शेजारी. तो गुडघ्यांवर बसला.

"मला माफ कर," तो म्हणाला, आणि त्याने रंगाऱ्याच्या बुटाची नाडी सोडली.

"बेकरीवर ओतलं ते टर्पेंटाइन माझंच होतं," रंगारी वरून म्हणाला. "वाटलं होतं, पेटवल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. तूही मला माफ कर."

पाणी गार होतं. पाय धुऊन झाल्यावर बेकरीवाल्याचा गुडघा धरला, त्याला उठता येईना. रंगाऱ्याने ओल्या पायांनी उभं राहून त्याला काखेत हात घालून उचललं, आणि तो उचलून झाल्यावरही हात काढला नाही. सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. फोटोवाला तेवढा पुढे आला आणि म्हणाला, मघाचं जरा पुन्हा करता का, घमेलं आड येत होतं. दोघांनी नाही म्हटलं.

समितीच्या अहवालात कार्यक्रम यशस्वी झाला. चर्चं दोनच राहिली. ती एक कशी करावीत हे ठरवायला प्रत्येक चर्चने आपापली समिती नेमली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर बेकरीवाला खालच्या वस्तीत गेला. रंगाऱ्याचे वडील दाराशी काठी घेऊन बसले होते. त्यांचा पाय त्या दिवसापासून सरळ झालेला नव्हता. बेकरीवाल्याने काही न लपवता सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. "पोरानं माफ केलं, ते त्याचं झालं," ते म्हणाले. "माझं अजून व्हायचंय. देवाशी बोलणं चालू आहे."

"चालेल, काका. मी पुढच्या रविवारी येतो."

"ये," ते म्हणाले. "फक्त त्या समितीला आणू नकोस."